गुंठ्याएवढा ठिपका आणि तो पाहण्याचा हक्क

प्रति,
अध्यक्ष,
भारतीय राष्ट्रीय अंतराळ संवर्धन व प्राधिकरण केंद्र (इन-स्पेस),
बोपल, अहमदाबाद

विषय : खासगी उपग्रहांच्या प्रतिमा आणि पीकविम्याचा हिशेब, महसूल मंडळ ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी

महोदय,

उपग्रहाच्या प्रतिमेवरून पिकाचे उत्पादन काढणे हे आता केवळ प्रयोगशाळेतले काम राहिलेले नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 2023-24 पासून ‘यस-टेक’ ही पद्धत आली. सुरुवात भात आणि गव्हापासून झाली, 2024 च्या खरिपात सोयाबीन त्यात आले. शेतात जाऊन केलेल्या पीक कापणी प्रयोगातून जो आकडा निघतो त्याच्या जोडीला उपग्रहावरून काढलेला आकडा धरायचा आणि त्याला किमान 30 टक्के भार द्यायचा, असा हा नियम आहे. दिल्लीत तो तांत्रिक सुधारणा म्हणून वाचला जातो. ताडकळसला तो सरळ पैशाचा नियम आहे.

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातले महसूल मंडळाचे गाव. जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते, त्यामुळे जास्त पावसाच्या वर्षी पाणी वरून येते तसे नदीकडूनही येते. महाराष्ट्रात विम्याचा हिशेब एकेका शेतकऱ्याचा होत नाही, मंडळाचा होतो. मंडळातल्या साऱ्या सोयाबीनला मिळून एकच आकडा. 2025 च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना 5 टक्के असा ठरवला. हप्त्याच्या बदलाची चर्चा गावोगाव झाली. त्याच निर्णयातल्या दुसऱ्या बदलाची तेवढी झाली नाही, आणि खरा फरक त्याने पडला. पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे चारही जादा आधार राज्याने काढून टाकले. शेतात पाणी साचले म्हणून तक्रार नोंदवायची आणि विम्याच्या पाहणीची वाट पाहायची, हा रस्ता संपला. उरला तो हंगामाच्या शेवटी निघणारा मंडळाचा आकडा. नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि 7 ऑक्टोबरला राज्य सरकारला 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. ती सरकारी मदत होती. विमा हा करार आहे आणि त्याचा हिशेब वेगळा चालतो.

तो हिशेब असा. मागच्या 7 वर्षांपैकी चांगल्या 5 वर्षांची सरासरी काढायची आणि तिला 70 टक्के जोखीमस्तराने गुणायचे. ते उंबरठा उत्पादन. यंदाचे उत्पादन त्याच्या खाली जितके टक्के गेले, विमा संरक्षित रकमेच्या तितके टक्के भरपाई. समजा, एखाद्या मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी 900 किलो आहे आणि संरक्षित रक्कम 50,000 रुपये. कापणी प्रयोगांतून 720 किलो निघाले. तूट 20 टक्के, भरपाई हेक्टरी 10,000. आता उपग्रहाचा आकडा 900 किलो आला आणि त्याला 30 टक्के भार दिला, तर दोन्ही मिळून उत्पादन 774 किलो होते, तूट 14 टक्क्यांवर येते आणि भरपाई 7,000 रुपये. उपग्रहाचा आकडा कापणीच्या आकड्यापेक्षा कमी आला तर शेतकऱ्याला जास्तही मिळेल. पद्धत एकाच बाजूला झुकलेली आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की कापणी प्रयोग गावात, चार माणसांच्या देखत, तराजू लावून होतो. दुसरा आकडा कुठून आला हे गावात कोणालाच सांगता येत नाही.

वास्तविक तो सांगता येण्यासारखा आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि त्याच्या लगतचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून शेतातल्या हिरवाईचा निर्देशांक निघतो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारी सूर्याची किती ऊर्जा जमिनीवर पोचली, याचा अंदाज इन्सॅट-3डीसारख्या हवामान उपग्रहावरून येतो. हिरवाई जितकी, तितकी ती ऊर्जा पिकाने घेतली असे धरायचे, पाण्याचा ताण आणि तापमान यांची वजावट करायची, आणि हंगामभराची बेरीज केली की पिकाचे एकूण वाढलेले वजन मिळते. त्यातला दाण्याचा वाटा किती हे एका गुणकाने ठरवायचे. हाती येते ते उत्पादन. यस-टेकमध्ये याशिवाय पीकवाढीची संगणकीय प्रारूपे आणि यंत्र-शिक्षणाच्या पद्धतीही आहेत, पण मूळ तर्क याच जातीचा.

या तर्कातला कच्चा दुवा मराठवाड्यातल्या कोणत्याही सोयाबीनवाल्याला लगेच दिसेल. सोयाबीनचे मोठे नुकसान बहुधा शेवटच्या तीन आठवड्यांत होते. शेंगा भरलेल्या, पाला अजून हिरवा, आणि आठ दिवस पाऊस हटत नाही. शेंगेतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, पण वरून पाहणाऱ्याला रान हिरवेच दिसते. हंगामभराची बेरीज भरगच्च येते आणि दाण्याचा गुणक ठरलेला असला तर तिच्यातून उत्पादनही भरगच्च निघते. कोरड्या दुष्काळात पीक वाळते आणि उपग्रहाला ते दिसते. ओल्या दुष्काळात फसगत होण्याची शक्यता जास्त. वाण वेगळा असला की पक्वतेचे दिवस बदलतात, हाही घोळ आहेच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-71 आणि राहुरीचे फुले संगम एकाच दिवशी पेरले तरी एकाच दिवशी पिवळे पडत नाहीत.

मग ठिपक्याचा आकार. युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद एवढी जमीन एका ठिपक्यात पाहतो. म्हणजे 100 चौरस मीटर; एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. योगायोगाने सातबाऱ्यावरचे सर्वांत ओळखीचे माप आणि अवकाशातल्या या कॅमेऱ्याचे माप जवळजवळ एकच आहे. एकरभर शेत म्हणजे चाळीस ठिपके. त्यातले बांधाकडेचे अर्धेमुर्धे शेजाऱ्याचे. इस्रोच्या रिसोर्ससॅटवरील लिस-3 कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे 24 मीटरचा, म्हणजे पावणेसहा गुंठ्यांचा. त्याच उपग्रहावरच्या एविफ्सचा 56 मीटरचा, म्हणजे एकतीस गुंठ्यांचा. जिल्ह्याचा अंदाज काढायला हे पुष्कळ झाले. पण या भागात सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेतात, आणि दीड फुटाच्या अंतराने पेरलेल्या अशा सहा ओळी तीन मीटरच्या आत बसतात. गुंठ्याच्या ठिपक्यातही सोयाबीन आणि तूर एकत्रच दिसणार. सोयाबीन निघून गेल्यावर तूर हिरवी राहते. तो हिरवेपणा कोणाच्या खात्यावर धरला, हे ज्याने पीक-नकाशा केला त्यालाच माहीत.

त्यात जुलै ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले. साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडचे दिसत नाही, म्हणून खरिपासाठी रडार हवे. रडार स्वतःच्या लहरी पाठवते आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र काढते; ढग, रात्र यांची त्याला अडचण नाही. साचलेले उघडे पाणी लहरी दुसरीकडे परावर्तित करते म्हणून चित्रात काळे येते. पाण्यातून वर डोकावणारे पीक उलट उजळ दिसते. भारताचा रडार उपग्रह ईओएस-04 हा 14 फेब्रुवारी 2022 रोजी गेला. त्याच्या जोडीचा ईओएस-09 मात्र 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 च्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन गमावला. पुढचेच पीएसएलव्ही, सी62, 12 जानेवारी 2026 रोजी पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात अडखळले आणि ईओएस-एन1 हा पृथ्वी-निरीक्षणाचा उपग्रह गेला. ज्या रॉकेटवर तीस वर्षे डोळे मिटून विश्वास टाकला त्याचे हे लागोपाठ दोन अपघात. दरम्यान 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला, ही या काळातली सर्वांत चांगली बातमी. नासाचे एल-पट्ट्याचे आणि इस्रोचे एस-पट्ट्याचे अशी दोन रडारे, 12 मीटर व्यासाची जाळीदार तबकडी, दर 12 दिवसांनी तीच जमीन पुन्हा. एल-पट्ट्याची लांब लहर पाल्याच्या आत शिरते, त्यामुळे पिकाखालच्या ओलाव्याचा अंदाज तिच्यावरून चांगला येऊ शकतो. आणि निसारची माहिती जगात कोणालाही फुकट आहे.

येथपर्यंतचे सारे उपग्रह सरकारांचे. बदल इथून पुढे आहे, आणि या पत्राचा विषयही तोच.

महाराष्ट्राला अंतराळ उद्योग नवा नाही. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची ‘विकास’ इंजिने घडली, वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या मोटारींची आवरणे झाली. पण हे सारे इस्रोच्या नकाशाबरहुकूम, इस्रोच्या मागणीवरून. 2020 नंतर केंद्राने जे दार उघडले ते वेगळे. इन-स्पेस ही संस्था त्यासाठीच उभी राहिली. 6 एप्रिल 2023 रोजी मंत्रिमंडळाने भारतीय अंतराळ धोरण मंजूर केले. फेब्रुवारी 2024 मध्ये उपग्रह बनवणे, चालवणे आणि त्यांची माहिती विकणे यांत 74 टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक थेट मार्गाने येऊ देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात 1,000 कोटींचा भांडवल निधी मंजूर झाला. स्कायरूट या खासगी कंपनीचे रॉकेट विक्रम-एस नोव्हेंबर 2022 मध्ये उडाले, अग्निकुलचे अग्निबाण मे 2024 मध्ये. रॉकेट उडते तेव्हा टीव्हीवर दिसते, म्हणून चर्चा रॉकेटांची होते. तशीच चर्चा उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची. 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्राने त्या कंपनीशी गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिवसाठी इरादापत्र केले. परभणी त्यात नाही. पण शेतकऱ्याच्या खिशाशी जास्त जवळचा निर्णय ऑगस्ट 2025 मध्ये झाला आणि त्याची बातमी आतल्या पानावर राहिली.

इन-स्पेसने त्या महिन्यात पृथ्वी-निरीक्षणाच्या 12 उपग्रहांची मालिका उभारण्यासाठी पिक्सेल, पिअरसाइट, सॅटशुअर आणि ध्रुव स्पेस या चार भारतीय कंपन्यांच्या गटाची निवड केली. गुंतवणूक 1,200 कोटी रुपयांहून अधिक, मुदत पाच वर्षांच्या आसपास. रडार, बहुवर्णी आणि शेकडो छटा टिपणारे अतिवर्णी असे वेगवेगळ्या प्रकारचे संवेदक त्यात असतील. सरकारने या कामासाठी 350 कोटींपर्यंत मदत देऊ केली होती. या गटाने त्यातला एक रुपयाही नको म्हणून बोली जिंकली. कौतुक करावे अशीच ही गोष्ट आहे. परदेशी प्रतिमा विकत घेण्यापेक्षा आपले उपग्रह असणे केव्हाही बरे, आणि पिक्सेलचे 2025 मध्ये सोडलेले फायरफ्लाय उपग्रह 5 मीटरच्या ठिपक्यात, म्हणजे पाव गुंठ्यात, जे पाहतात ते पिकाच्या रोगराईसाठी खरोखर उपयोगाचे ठरू शकते. फक्त एक साधा हिशेब विसरता येत नाही. सरकारी मदत न घेतलेल्या 1,200 कोटींची वसुली माहिती विकूनच व्हायची आहे.

याला 2023 च्या धोरणातले एक कलम लावून पाहावे. 5 मीटर आणि त्याहून मोठ्या ठिपक्याच्या प्रतिमा सर्वांना फुकट व खुल्या, त्याहून बारीक प्रतिमा सरकारी खात्यांना फुकट आणि इतरांना वाजवी दराने, असे ते कलम सांगते. उत्तम कलम. पण ते इस्रोच्या उपग्रहांपुरते आहे. खासगी मालकीच्या उपग्रहाला ते लागू नाही. याचा अर्थ असा की काम जसजसे इस्रोकडून कंपन्यांकडे जाईल, तसतसा त्या कलमाचा पैस आपोआप आक्रसत जाईल. कोणी ते रद्द करणार नाही, कोणी त्याविरुद्ध बोलणारही नाही. फक्त ते ज्या प्रतिमांना लागू होते त्या प्रतिमाच कामात कमी राहतील.

असे पूर्वी घडले आहे. अमेरिकेने 1984 साली कायदा करून लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांचा व्यवहार खासगी कंपनीकडे दिला. एका प्रतिमेची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली, विद्यापीठांनी जुन्या प्रतिमांवर भागवले, आणि कंपनीलाही बाजार सापडला नाही. 1992 मध्ये दुसरा कायदा करून तो निर्णय फिरवावा लागला. 2008 मध्ये सगळा साठा फुकट खुला झाला. विकत होता तेव्हा चांगल्यात चांगल्या वर्षी दिवसाला पन्नासएक प्रतिमा खपत. खुला झाल्यावर दिवसाला हजारो उतरवल्या जाऊ लागल्या. लँडसॅट आणि सेंटिनेल हे दोन्ही फुकट आहेत म्हणूनच आज भारतातल्या कितीतरी शेती-कंपन्या उभ्या राहू शकल्या, ही बाब त्या कंपन्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा दाखला संयुक्त राष्ट्रांचा. डिसेंबर 1986 मध्ये आमसभेने दूरसंवेदनाची तत्त्वे संमत केली. एका देशाच्या उपग्रहाने दुसऱ्या देशाची जमीन टिपली, तर त्या दुसऱ्या देशाला ती माहिती भेदभाव न करता आणि वाजवी खर्चात मिळाली पाहिजे, असे त्यांतले एक तत्त्व आहे. विकसनशील देशांनी हे तत्त्व आग्रहाने मागितले होते. जो न्याय भारताने जगाकडे मागितला, तो भारताच्या आत जमिनीच्या मालकाला मिळू नये याला कारण दिसत नाही. शिवाय या देशात दूरसंवेदन सुरूच झाले ते शेतीसाठी. 1970 साली केरळातल्या नारळाच्या मूळमर रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन करण्यात आली. ती करणारे प्रा. पिशरोटी हे त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते.

गावातून जाणारी माहिती मात्र एकाच दिशेने जाते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. रेंज नसेल तर रस्त्यावर येऊन पुन्हा चढवतो. कोणत्या गटात कोणते पीक आहे ही खात्रीची नोंद मिळाल्याशिवाय कोणताही उपग्रह सोयाबीन आणि मूग यांतला फरक नीट ओळखू शकत नाही. जमिनीवरची ही बाजू एरवीही दुबळी होत चालली आहे: 2024 मध्ये देशभरातली 199 जिल्हा कृषी-हवामान केंद्रे बंद करण्यात आली. परभणीचे विद्यापीठातले केंद्र वेगळ्या व्यवस्थेतले असल्याने वाचले. आकाशात गुंतवणूक वाढत असताना बांधावरचा माणूस कमी करणे हे धोरण म्हणून उफराटे आहे.

माहितीचा अधिकार इथे पुरा पडत नाही. खासगी कंपनी त्या कायद्याखाली थेट येत नाही, आणि सरकारी खात्याकडे अर्ज केला तर कलम 8(1)(ड) मधले व्यापारी गुपिताचे कारण पुढे करता येते. त्या कलमात व्यापक जनहिताचा अपवाद आहे, पण तो मिळवायला अपिले करावी लागतात. रब्बीच्या पेरणीला पैसे हवे असलेल्या माणसाला तो वेळ नसतो. अंतराळ उपक्रमांचा कायदा असता तर ही तरतूद त्यात करता आली असती. 2017 चा मसुदा मसुदाच राहिला. म्हणून कायद्याने करायचे काम आज इन-स्पेसच्या परवान्यातल्या अटींवर येऊन पडते.

दोन आक्षेप येतील. पहिला सुरक्षेचा. पाच-दहा मीटरच्या ठिपक्यात सोयाबीन दिसते, लष्करी गुपित दिसत नाही. धोरणाने स्वतःच पाच मीटरची रेघ मारून हे मान्य केले आहे. दुसरा आक्षेप धंद्याचा, आणि त्यात तथ्य आहे. ताजी प्रतिमा हा कंपनीचा माल आहे. ती पहिल्याच दिवशी फुकट वाटा म्हणणे म्हणजे कंपनी बुडवणे. पण हंगाम संपून विम्याचा आकडा ठरल्यानंतर त्या मंडळाच्या जुलै-ऑगस्टच्या प्रतिमेला बाजारात फारसा भाव उरत नाही. त्यातही सगळा साठा उघडा करण्याची गरज नाही. ज्या प्रतिमांवर सार्वजनिक पैशाचा आणि विम्याच्या दाव्याचा निर्णय झाला, तेवढ्याच.

तेव्हा इन-स्पेसकडे मागणी मर्यादित आहे. पृथ्वी-निरीक्षणाच्या खासगी उपग्रहांना परवाना देताना आणि 12 उपग्रहांच्या मालिकेच्या करारात एक अट घालावी: त्यांची प्रतिमा सरकारी योजनेत किंवा पीकविम्यात उत्पादन ठरवण्यासाठी वापरली गेली, तर त्या अधिसूचित मंडळाची, त्या तारखांची, किमान दहा मीटरच्या ठिपक्यापर्यंतची प्रतिमा आकडा जाहीर होताना खुली करण्याची मुभा खरेदीदाराला असलीच पाहिजे. प्रतिमेबरोबर पीक-नकाशा, दाण्याचा गुणक आणि वापरलेली पद्धत हीही जाहीर व्हावीत, नाहीतर नुसते चित्र पाहून काही कळत नाही. राज्याच्या कृषी आयुक्तालयाने ती गट क्रमांकासह ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर ठेवावीत, म्हणजे ज्या फोनमधून पिकाचा फोटो गेला त्याच फोनवर निकाल दिसेल आणि हरकत घ्यायची तर ती मुदतीत, आकड्यांनिशी घेता येईल. परभणीच्या कृषी विद्यापीठाला दरवर्षी काही मंडळांत या आकड्यांची स्वतंत्र पडताळणी करायला सांगावे. ओल्या दुष्काळाच्या वर्षी तर ती टाळूच नये.

बारा उपग्रह वर जायला अजून अवधी आहे. ते एकदा गेले, माहितीचे विक्री-करार झाले, की अशी अट मागाहून घालणे अवघड होईल. ती आताच घालावी.

कळावे.

ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी